पावसात काय वाचताय? आणि ‘तुंबाडचे खोत’ खंड दुसरा, शेवटची पानं कुणाकडे आहेत का?

देवगडची_सून

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले देवगडात पाऊस नुसता धरून बसलाय, लाईट येते तेव्हा नेट नसतं आणि नेट येतं तेव्हा लाईट गेलेली असते, त्यामुळे ऑफिसचं काम अर्धंमुर्धं आणि वाचन मात्र जोरात. ठाण्याहून इकडे कायमचं राहायला येऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ठरवलंय की कोकणावरचं कोकणातच बसून वाचायचं.

तर झालं असं की इथल्या वाचनालयातून श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ आणलं, दोन्ही खंड एकदम. सासूबाई म्हणाल्या, हे वाचायचं की यावर बसायचं? तीन आठवडे रात्री जेवणं लवकर उरकून, बॅटरी उशीला टेकवून वाचत होते. चार पिढ्या पार केल्या, परवा रात्री शेवटाला आले, धडधडत पान उलटलं तर समोर पुठ्ठा. वाक्य अर्धवट, पुढे डायरेक्ट पुठ्ठा! कधीतरी नव्याने बायंडिंग करताना शेवटचा अख्खा फर्माच गळालाय, म्हणजे सोळा पानं गेली. रात्री बारा वाजता मी एकटी अंथरुणात बसून हसतेय की रडतेय हे नवऱ्याला कळेना.

म्हणून दोन गोष्टी. एक, कुणाकडे खंड दुसरा आहे का? शेवट इथे कुणी सांगितलात तर बघा. आणि दुसरं, सगळे सध्या काय वाचताय ते सांगा, फक्त एक अट आहे. नारळी-पोफळीच्या बागा, आजीच्या हातचे मोदक, सारवलेलं अंगण, असलं सुट्टीवाल्यांचं कोकण नको. गेल्या दिवाळीनंतर मी स्वतः अंगण केलं, चोपण्याने चोपून चोपून हाताला फोड आले. सारवलेलं अंगण किती छान दिसतं हे ते सारवणाऱ्या बाईने लिहिलंय असं पुस्तक असेल तर दाखवा.

जगबुडीकाठ

ताई, जीव गेला तरी शेवट सांगणार नाही. खंड आहे माझ्याकडे, धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात कणकवलीला जातोय, त्याच्याबरोबर पाठवतो, पुढचं बघू.

आता तुंबाड आमच्याच खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं, म्हणून जरा बोलतो. २०१८ ला तो सिनेमा आला त्यानंतर बाईकवाली पोरं यायला लागली, वाडा कुठाय, खजिना कुठाय. त्यांना सांगून दमलो की बाबांनो सिनेमाने पेंडशांच्या कादंबरीचं फक्त नाव घेतलंय, गोष्ट वेगळीच आहे, ती नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली. आपली कादंबरी १९८७ ची, तिच्यात सिनेमातला तो राक्षस हस्तर नाही, खोत आहेत, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणारे गावचे जमीनदार. (तसा काही फार फरक नाही म्हणा 😀) पुस्तक वाचा म्हटलं की विचारतात किती पानी, दोन खंड म्हटलं की बाईक वळवतात.

तुमच्या अटीत बसेल असं पेंडशांचंच सांगतो, ‘रथचक्र’. १९६२ चं, त्याला साहित्य अकादमी पण आहे. एकत्र कुटुंबात पिचलेली बाई, नवरा असून नसल्यासारखा, आणि पोराला शिकवायचंच या एका हट्टापायी ती काय काय करते. निसर्गवर्णनाला तिला वेळच नाही. लोक तुंबाड तुंबाड करतात, मला विचाराल तर पेंडशांचं खरं पुस्तक हे. फक्त आभाळ भरून आलेल्या दिवशी हातात घेऊ नका.

दापोलीचा_मास्तर

पेंडसे आमच्या मुर्डीचे, साने गुरुजी पालगडचे, महर्षी कर्वे मुरुडचे, तिन्ही गावं दापोली तालुक्यात, नोंद असावी.

मी सध्या कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ परत वाचतोय. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पोरं पायी गेली, घाट चढून, चार दिवस, आणि तिथे साहेबाने बघितलं आणि म्हणाला तुझं वय सतरा वाटत नाही, जा परत. बस एवढंच. कर्वे हे सांगतात ते पण इतक्या कोरड्या आवाजात की मीच चिडलो. मी आज नववीच्या वर्गात हा भाग वाचून दाखवला तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, सर एसटी नव्हती का. हसू नका, त्यातल्या दोन पोरी रोज पाच किलोमीटर चालत शाळेत येतात कारण त्यांच्या वाडीची एसटी बंद झालीय, त्या अजिबात हसल्या नाहीत.

सूप_रोवळी

अट वाचून बरं वाटलं. कारण कोकणावरच्या पुस्तकांची यादी निघाली की नेहमी खोताच्या ओटीवरूनच कोकण दिसतं, ओटीवर झोपाळा, समोर बाग, आणि बागेत वाकून काम करणारी माणसं म्हणजे पाठमोरी गडीमाणसं. त्यांना तोंडं नसतात. तुंबाड मीही वाचलंय, ताकदीचं आहे, वाचू नका असं म्हणणार नाही. पण वरच्या दादांनी खोत आणि हस्तर यांच्यात फरक नाही हे हसत लिहिलंय ना, आमच्या घरात ते कुणी हसत बोलत नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ संप केला, सहा वर्षं जमिनी पेरल्या नाहीत. आंबेडकरांनी १९३७ ला खोती बंद करायचं बिल मांडलं. हे माहीत असून मग खोतांच्या कादंबऱ्या वाचल्या की वेगळ्या लागतात, एवढंच.

तर माझं पुस्तक, उर्मिला पवारांचं ‘आयदान’, २००३ चं. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, सुपं, टोपल्या, रोवळ्या. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या, वडील लवकर गेले, आई आयदानं विणून घर चालवते. सुरुवातीलाच बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढून उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत, आणि त्या वाटेने चालता चालता ज्या काय गप्पा मारतात! हसतात, शिव्या देतात, सासवांची नक्कल करतात. रडगाणं असेल अशा तयारीने पुस्तक उघडाल तर फसाल.

माझी आजी हेच काम करायची. बांबूची सालं काढताना चिव बोटात घुसायची, ती दाताने ओढून काढायची आणि थुंकून परत विणायला लागायची, बोलणं न थांबवता. सूप विकायला गेल्यावर गिऱ्हाईक बाई ते पायरीच्या खाली ठेवायला सांगायची, वर पाणी शिंपडून मग उचलून आत न्यायची. आजी ते सांगायची आणि वर म्हणायची, धान्य पाखडायला बरं चालतं मेलीला. ‘आयदान’ वाचताना मला तिचा आवाज ऐकू आला. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा आईला वाचून दाखवतेय, ती मध्येच उठून जाते, थोड्या वेळाने येऊन म्हणते वाच पुढे.

देवगडची सून, तुम्ही म्हणालात ना सारवणाऱ्या बाईने लिहिलेलं. हे घ्या.

देवगडची_सून

घेतलं. उद्याच वाचनालयात विचारते. आणि तुमच्या आजीचं ते शेवटचं वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या आमच्याकडे पण तसंच होतं गो.

आचऱ्याचो_झील

माझं पुस्तक कोकणातलं नाय पण समुद्रातलं आहे, चालेल काय बघा. ‘एका कोळियाने’. हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची ती गोष्ट १९५२ ची, पुलंनी मराठीत आणली. पातळ पुस्तक, दोन संध्याकाळीत संपणारं, पण आम्हाला अकरा दिवस लागले कारण मी ते बाबांना वाचून दाखवत होतो.

बाबांची पूर्ण हयात मच्छीत गेली. जून-जुलै बंदी, होडी वर काढून झापांनी झाकलेली, बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेले, मी बाजूला पुस्तक घेऊन. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी दिवस म्हाताऱ्याला मासा गावला नाही असं आलं तर म्हणाले, गावना नाय तर नाय, तेच्यात लिवण्यासारख्या काय आसा? दुसऱ्या दिवशी, ह्यो एकटो कित्याक गेलो, बरोबर पोराक घेवन जावक नको? आणि पुढच्याच पानांवर म्हातारा स्वतःच म्हणायला लागतो की पोरगा बरोबर हवा होता. परत म्हणतो, परत म्हणतो. बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, बघ.

मासा लागला तेव्हापासून मात्र त्यांची सुई थांबायला लागली. दोर पाठीवरून घेतलाय, हात कापलेत, हे सगळं त्यांनी असं ऐकलं जसं शेजारच्या होडीतलं कुणी सांगतंय. आपला उजवा तळवा उघडून बघितला एकदा, त्यांच्या तळव्यावर तसाच एक आडवा वण आहे, सुरमईच्या दोरीचा. मग म्हाताऱ्याने भाला मारला, रक्त पाण्यात पसरलं, तर मी पान उलटायच्या आत बाबा म्हणाले, आता मोरे (शार्क) येतले. आणि आले! मी बघतच राहिलो तर म्हणतात, सांगलंय नाय? एवढो मासो होडयेच्या भायर बांधून कोण हाडता?

सगळ्यात मजा म्हणजे म्हातारा मासा बांधल्यावर मनातल्या मनात हिशोब करतो, पाउंडाला तीस सेंट धरले तर किती होतील. तिथे बाबांनी मला थांबवलं, पाउंड म्हणजे किलोला किती, सेंट म्हणजे आपले किती, मोबाईल काढ. अर्धा तास आम्ही दोघं त्या माशाचा भाव काढत होतो. मग शेवटी नुसता काटा उरतो तेव्हा काहीच बोलले नाहीत, उठून होडीवरची झापं नीट करायला गेले. रात्री जेवताना एकदम विचारतात, तो म्हातारो परत गेलो काय रे समुद्रात? मी म्हटलं पुस्तक तिथेच संपतं. म्हणाले, जातलो.

आता दुसरं काय वाचू त्यांच्यासाठी? मच्छीचं असेल तर उत्तम.

वेंगुर्लेकर_१

झिला, तुझ्या बाबांका नमस्कार सांग. मला वाचून काटा आला अंगावर.

मच्छीचं नाही पण हसून लोळतील असं, दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचून दाखव. दळवी आमच्या आरवलीचे, वेतोबाच्या गावचे. बाहेरच्यांसाठी सांगतो, वेतोबाला लोक चपला वाहतात, हातभर लांब, देव रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. अशा गावात वाढलेल्या माणसाने साधी गोष्ट लिहिली तरी ती वेगळीच होणार. गावातली एकेक इरसाल माणसं आहेत त्यात, हसता हसता शेवटी नावाचा अर्थ पोटात लागतो.

आणि ताई, तुमची अट मला पूर्ण मान्य नाही हां. आठवण काढणं म्हणजे खोटं लिहिणं नाही. गोनीदांचं ‘पडघवली’ घ्या, सांगणारी अंबूवहिनी, बाईच आहे, सगळी कामं करणारी, आणि तिला आपलं गाव आवडतं. मोडत चाललेल्या घराबद्दल कुणी जीव तोडून बोलत असेल तर त्याला सुट्टीवाला म्हणू नये. त्यातले शब्दच बघा किती, निम्मे आज माझ्या मुलीला कळत नाहीत, मला विचारते.

पण तुम्हाला रात्री बॅटरी लावून वाचायची सवय आहेच तर खानोलकरांचं ‘कोंडुरा’ लावा एकदा. मी कॉलेजला असताना वाचलं, त्यानंतर दोन रात्री मागच्या दाराला कडी आहे का बघायला उठलो. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा खरंच आहे, समुद्र तिथे खडकात शिरतो तेव्हा तो आवाज ऐकून बघा. पावसात जाऊ नका, कड्यावर शेवाळ असतं.

देवगडची_सून

‘पडघवली’बद्दल माघार घेते, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. अट थोडी सैल केली. बाकी कायम.

करबुडे_बोगदा

मी वाचत नाही, ऐकतो. महिन्यातून दोनदा रत्नागिरी-मुंबई, कानात ऑडिओबुक. ज्यांना ऐकायचंय त्यांना एकच सल्ला, आधी डाऊनलोड करून ठेवा. कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, खुनी कोण हे सांगायच्या नेमक्या वाक्याला गाडी आत शिरली होती माझी.

पाणी_उतरलं

चिपळूण. माझी स्वतःची पुस्तकं आता फक्त एकोणीस आहेत, त्यामुळे मी सगळं मागून आणून वाचतो.

२२ जुलै २०२१. पाणी उतरल्यावर घरात आलो तर कपाटाच्या खालच्या तीन फळ्यांतली पुस्तकं फुगून इतकी घट्ट बसली होती की एकही बाहेर येईना. ओढलं तर हातात नुसता पुठ्ठा यायचा. शेवटी कपाटच पहारीने फोडलं. चिखलाचे गठ्ठे ट्रॅक्टरमधून गेले, वरच्या फळीवरची वाचली. आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं, तिथे २००५ ला पाणी शिरलं होतं आणि २०२१ ला परत. तरी दोन्ही वेळा उघडलं. म्हणून देवगडची ताई, सोळा पानं गेली म्हणून वाचनालयावर रागावू नका, कोकणात पुस्तक टिकणं हाच मोठा पराक्रम आहे. आमच्याकडे वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा सुका पाला ठेवतात कपाटात, कसर लागत नाही. वास येतो, पण बुरशीपेक्षा बरा. आणि खालची फळी रिकामी ठेवा.

त्या एकोणिसातलं एक सांगतो, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. कोकणावरचं नाही, पण घर किती वेळा मोडलं आणि परत मांडलं याचा हिशोब ठेवता येणार नाही इतक्या वेळा, आणि बाई तरी नवऱ्याची चेष्टा करत असते. पुराच्या नंतर पहिलं वाचलं ते हे.

वरसईच्या_वाटेवर

रायगडवाल्यांना कोण कोकणात धरत नाही म्हणून गप्प बसलो होतो. पण ‘माझा प्रवास’ अजून कुणी घेतलं नाही? विष्णुभट गोडसे, आमच्या पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल असं कळतं म्हणून काकांबरोबर पायी निघतात आणि सरळ १८५७ च्या बंडात जाऊन पडतात. झाशी पडली तेव्हा हा माणूस आत होता. लुटलं जाणं, लपणं, तहान, परत कुणीतरी पकडणं, आणि इतकं सगळं होऊन घरी येताना कमाई जवळजवळ शून्य, पण आईबापांसाठी गंगेची कावड खांद्यावर. छापलं गेलं १९०७ ला, तेव्हा चिं. वि. वैद्यांनी भाषेवर बराच हात फिरवला होता, त्यामुळे मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. इतिहासाच्या पुस्तकात राणी घोड्यावर असते, इथे तिच्या वाड्यातल्या स्वयंपाकाचा पण पत्ता लागतो.

सूप_रोवळी

वरसईकर, हे माहीत नव्हतं, यादीत टाकलं. आजचं काहीच आलं नाही अजून, म्हणून माझ्याकडून प्रवीण बांदेकर. सावंतवाडीचे. ‘चाळेगत’ आधी वाचा, मग ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, याला २०२२ चं साहित्य अकादमी आहे. कळसूत्री बाहुल्यांची परंपरा घेऊन आजच्या राजकारणाबद्दल बोलणारी कादंबरी, सोपी नाही, मला पहिली पन्नास पानं जड गेली. पिंगुळीला जाऊन बाहुल्यांचा खेळ बघून आले आणि मग परत उघडली, तेव्हा जमलं.

आचऱ्याचो_झील

अपडेट. ‘सारे प्रवासी’ सुरू केलं. बाबा हसले पण तिसऱ्या दिवशी म्हणाले, बरा आसा, पण तो म्हाताऱ्याचा परत वाच.

देवगडची_सून

मंडळी, खंड आला! जगबुडीकाठ दादांच्या भावाने कणकवलीला दिला, तिथून आमच्या शेजारच्यांनी आणला, प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि वर युरियाचं पोतं असा बंदोबस्त करून. रात्री लाईट होती तरी मी बॅटरीच लावली, सोळा पानं दीड तास पुरवून पुरवून वाचली. काही बोलणार नाही, सासूबाई पहिल्या खंडाच्या मध्यावर आहेत आणि हा धागा मी त्यांना वाचून दाखवते. दादा, खंड परत पाठवताना सोबत कोकमाच्या आगळाची बाटली येतेय, नाही म्हणू नका.

‘आयदान’ इथे बाहेर गेलंय, माझा तिसरा नंबर, म्हणजे लोक वाचतायत. ‘रथचक्र’ घेऊन आले.

आणि एक गंमत. काल वाचनालयाचा खंड परत करताना ग्रंथपाल काकांना म्हटलं, पहिल्या पानावर लिहून ठेवूया, शेवटची सोळा पानं नाहीत, पुढच्याचे तरी हाल नकोत. त्यांनी पेन्सिल दिली. तारखांचा जुना कागद पहिल्या पानावर चिकटवलेला होता तो जरा उचलला, तर खाली बारीक अक्षरात पेन्सिलीनेच लिहिलेलं, ‘शेवट नाही. सावध.’ त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘खरंच नाही’, आणि साल १९९८.